कॉमिकेटला पहिल्यांदा जाताना

दरवर्षी ऑगस्टच्या मध्यावर आणि डिसेंबरच्या अखेरीस टोकियोच्या आरिआके भागातील ‘टोकियो बिग साइट’ या प्रदर्शन-संकुलात ‘कॉमिक मार्केट’ हा मेळा भरतो. जपानी लोक त्याला लाडाने ‘कोमिके’ म्हणतात. जपानबाहेर ‘कॉमिकेट’ हे नाव रूढ झाले आहे. आपण काढलेली चित्रकथा, चित्रसंग्रह किंवा लेखसंग्रह स्वतःच्या खर्चाने छापायचा आणि स्वतः टेबलामागे बसून वाचकाच्या हाती द्यायचा, हा या मेळ्याचा मूळ हेतू आहे. 21 डिसेंबर 1975 रोजी टोकियोच्या तोरानोमोन भागातील एका सभागृहात तो पहिल्यांदा भरला, तेव्हा 32 गट आणि सुमारे 700 माणसे जमली होती. 2019च्या डिसेंबरमध्ये तो चार दिवस चालला आणि त्या चार दिवसांच्या उपस्थितीची बेरीज साडेसात लाखांच्या घरात गेली. मांगा (जपानी चित्रकथा) आणि अॅनिमे (जपानी अॅनिमेशनपट) यांवर प्रेम करणाऱ्या मराठी वाचकांपैकी अनेकांना आयुष्यात एकदा तरी तिथे जायचे असते. परंतु पुरेशी तयारी न करता गेल्यास दिवसाचा मोठा भाग रांगेत आणि गोंधळात जातो, आणि ज्यासाठी गेलो ती पुस्तके पाहायची राहून जातात.

तयारी करताना सर्वांत आधी लक्षात घ्यायचे ते हे, की संयोजकांच्या लेखी तिथे ‘ग्राहक’ असा कोणी नसतो. टेबल मांडणारे ते ‘सर्कल सहभागी’ (‘सर्कल’ म्हणजे पुस्तक काढणारा गट किंवा एकटा चित्रकार-लेखक), व्यवस्था पाहणारे ते ‘कर्मचारी सहभागी’, आणि पुस्तके घ्यायला येणारे आपण ‘सर्वसाधारण सहभागी’. रांगा लावणारी, दिशा दाखवणारी ही माणसे स्वयंसेवक असतात. टेबलामागे बसलेल्यांपैकी बहुतेक जण एरवी नोकरी किंवा शिक्षण करणारे असतात आणि कित्येकांचा छपाईचा खर्चही विक्रीतून पूर्ण भरून निघत नाही. म्हणूनच तिथे ‘विक्री’ या शब्दाऐवजी ‘वितरण’ या अर्थाचा ‘हानपु’ हा शब्द आवर्जून वापरतात. पैसे मोजले म्हणजे सेवा मिळालीच पाहिजे, या भावनेने आत शिरणाऱ्याला तिथले नियम जाचक वाटतात. आपणही हा मेळा उभा करणाऱ्यांपैकी एक आहोत असे मानणाऱ्याला तेच नियम स्वाभाविक वाटतात. पुढच्या जवळपास सर्व सूचना या एका गोष्टीतून निघतात.

तिथे मिळणाऱ्या पुस्तकांना ‘दोजिन्शी’ म्हणतात. ‘दोजिन’ म्हणजे समान आवडीची माणसे आणि ‘शी’ म्हणजे नियतकालिक; मेइजी काळातील (1868–1912) साहित्यिक मंडळांनी आपापसांत काढलेल्या अंकांपासून ही परंपरा चालत आली आहे. साठच्या दशकात मराठीत निघालेली, प्रस्थापित प्रकाशनव्यवस्थेबाहेरची अनियतकालिके ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या धडपडीमागची ओढ वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. फरक इतकाच, की दोजिन्शींपैकी पुष्कळ पुस्तके दुसऱ्याच्या लोकप्रिय पात्रांना घेऊन रचलेली असतात. हे कायद्याने सरसकट मान्य आहे असे नाही. जपानमध्ये स्वामित्वहक्काच्या उल्लंघनाचा फौजदारी खटला सामान्यतः मूळ हक्कधारकाने तक्रार केली तरच उभा राहतो. 2018च्या अखेरीस कायद्यात बदल होऊन काही प्रकारांत तक्रारीची अट काढली गेली, तेव्हाही चाहत्यांच्या अशा स्वतंत्र रूपांतरांना त्या बदलाच्या बाहेर ठेवण्यात आले. म्हणजे ही सगळी रचना हक्कधारकांच्या मूक सहनशीलतेवर उभी आहे, आणि ती टिकावी म्हणून निर्माते आणि वाचक दोघेही प्रसिद्धीच्या बाबतीत संयम पाळतात. विकत घेतलेल्या दोजिन्शीची पाने स्कॅन करून इंटरनेटवर टाकणे हा तिथे सर्वांत मोठा अपराध समजला जातो, त्यामागे हेही एक कारण आहे.

दिवस आणि प्रवेश

करोनाच्या साथीमुळे 2020च्या मे महिन्यातील मेळा रद्द झाला. डिसेंबर 2021मध्ये तो पुन्हा सुरू झाला तेव्हापासून प्रत्येक वेळी दोन दिवसांचा असतो. कोणत्या दिवशी कोणते विषय हे आधीच ठरलेले असते. एखाद्या विशिष्ट अॅनिमेवरची पुस्तके पहिल्या दिवशी असतील तर दुसऱ्या दिवशी त्या विषयाचे एकही टेबल सापडत नाही. त्यामुळे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी तारखा आणि दिवसाचे तिकीट काढण्यापूर्वी विषयवाटप, या क्रमाने संयोजकांच्या संकेतस्थळावर पाहावे. परदेशी पाहुण्यांसाठी तिथे इंग्रजीतही सूचना असतात.

पूर्वी प्रवेश विनामूल्य होता. ऑगस्ट 2019पासून मात्र मनगटावर बांधायचा रिस्टबँड घ्यावा लागतो आणि तो दिवसागणिक वेगळा असतो. अलीकडच्या मेळ्यांत सर्वांत आधी आत सोडणारा महागडा प्रकार, सकाळचा प्रवेश आणि दुपारचा स्वस्त प्रवेश असे तिकिटांचे प्रकार असतात. किंमत, विक्रीची पद्धत आणि वेळा दर मेळ्याला बदलतात, म्हणून जुन्या प्रवासवर्णनांतील आकड्यांवर विसंबू नये. माझे मत विचाराल तर पहिल्या भेटीला सर्वांत लवकरचा प्रवेश घेण्याची गरज नाही. तो त्यांच्यासाठी असतो, ज्यांना अत्यंत लोकप्रिय चित्रकाराचे पुस्तक संपण्यापूर्वी मिळवायचे असते. ज्याला मेळा पाहायचा आहे, टेबलांमधून सावकाश फिरायचे आहे, अनोळखी चित्रकार शोधायचे आहेत, त्याला सकाळचा साधा प्रवेश पुरतो. आणि प्रकृती नाजूक असेल किंवा सोबत वयस्कर माणूस असेल तर दुपारचाच घ्यावा, कारण तोवर बाहेरची रांग बरीच ओसरलेली असते.

भारतीय पारपत्रधारकाला जपानसाठी व्हिसा लागतो. त्याची व्यवस्था दोन महिने आधीपासून करावी. उन्हाळी मेळा ओबोन या पितृस्मरणाच्या सुट्टीच्या आसपास येतो आणि हिवाळी मेळा नववर्षाच्या तोंडावर, म्हणजे दोन्ही वेळी संपूर्ण जपान प्रवासात असतो. हॉटेले लवकर भरतात, लांब पल्ल्याच्या गाड्यांना गर्दी असते, आणि 1 ते 3 जानेवारीला पुष्कळ दुकाने बंद असतात. मुक्काम मेळ्याच्या अगदी शेजारी असलाच पाहिजे असे नाही. रिंकाई मार्गावरील किंवा त्याला थेट जोडलेल्या सायक्यो मार्गावरील एखादे स्थानक निवडले, तर शिंजुकू किंवा शिबुयाहूनही गाडी न बदलता कोकुसाई-तेन्जिजो स्थानकावर उतरता येते. दुसरा मार्ग शिंबाशी ते तोयोसु धावणाऱ्या युरिकामोमे गाडीचा; तिचे ‘टोकियो बिग साइट’ नावाचे स्थानक संकुलाच्या दाराशीच आहे, पण गाडी लहान असल्याने गर्दीच्या वेळी तीत जागा मिळणे कठीण जाते.

ज्यांच्या तारखा काहीही करून जुळत नाहीत, त्यांनी ‘कोमितिया’चा विचार करावा. 1984मध्ये सुरू झालेला हा मेळा वर्षातून अनेकदा बिग साइटलाच भरतो आणि तिथे केवळ स्वतंत्र कल्पनेच्या पुस्तकांना स्थान असते, दुसऱ्याच्या पात्रांवर रचलेल्यांना नाही. गर्दी तुलनेने कमी असते. चित्रकला शिकणाऱ्यांना तर मी कॉमिकेटच्या आधी कोमितिया पाहण्याचा सल्ला देईन.

कॅटलॉग हाच नकाशा

कॉमिकेटचा कॅटलॉग छापील रूपात जाडजूड ग्रंथाएवढा असतो आणि त्याची ऑनलाइन आवृत्तीही असते. त्यात प्रत्येक सर्कलला टपाल तिकिटाएवढी चौकट मिळते; त्या चौकटीत सर्कलने स्वतः काढलेले चित्र, नाव आणि या वेळी काय आणणार याची सूचना असते. जपानी येत नसले तरी या चौकटी पाहता येतात, आणि चित्रांवरून निवड करणे हा या प्रवासाचा अत्यंत आनंदाचा भाग आहे. त्यासाठी दोन-तीन संध्याकाळी राखून ठेवाव्यात.

प्रत्येक सर्कलला एक पत्ता असतो. दिवस, पूर्व, पश्चिम किंवा दक्षिण दालन, मग ओळीचे अक्षर, मग टेबलाचा क्रमांक आणि शेवटी ‘ए’ किंवा ‘बी’. 180 सेंटीमीटर लांबीचे एक टेबल दोन सर्कलना वाटून दिलेले असते, म्हणून हे शेवटचे अक्षर महत्त्वाचे. ओळीची अक्षरे इंग्रजी, कताकाना आणि हिरागाना या तिन्ही लिप्यांतली असतात. किमान कताकाना ओळखता येण्याइतका सराव आधी केला, तर दालनात वर टांगलेल्या पाट्या वाचता येतात आणि फार वेळ वाचतो. भिंतीला लागून बसवलेल्या सर्कलना ‘काबे’, म्हणजे ‘भिंत’, म्हणतात. ज्यांच्यासमोर मोठी रांग लागेल असा संयोजकांचा अंदाज असतो, त्यांना ही जागा मिळते. मधल्या टेबलांच्या चौकोनी समूहाला ‘शिमा’, म्हणजे ‘बेट’, म्हणतात. बेटाच्या टोकाची जागा ‘तान्जोबी-सेकी’, म्हणजे वाढदिवसाच्या मेजवानीत वाढदिवस असलेल्याला जिथे बसवतात ती जागा. तिथेही बऱ्यापैकी गर्दी असते.

यादी करताना मन आवरावे लागते. भिंतीवरच्या दोन सर्कलपेक्षा जास्त नावे पहिल्या भेटीत ठेवू नयेत, कारण तशा एका रांगेत तासभर सहज जाऊ शकतो, आणि तेवढ्या वेळात बेटांमधली वीस-पंचवीस टेबले नीट पाहून होतात. मेळ्याच्या चार-पाच दिवस आधी बहुतेक चित्रकार आपल्या समाजमाध्यमांवरील खात्यावर ‘ओशिनागाकी’ टाकतात. हा उपाहारगृहातील पदार्थांच्या यादीसाठीचा शब्द आहे. इथे त्याचा अर्थ टेबलावर असणारी पुस्तके आणि त्यांच्या किमती यांचे एकत्र चित्र. नवे पुस्तक ते ‘शिनकान’, आधीच्या मेळ्यातले ते ‘किकान’. ही चित्रे फोनमध्ये साठवून ठेवावीत, कारण इतक्या गर्दीत मोबाइलचे जाळे अनेकदा मंदावते. नकाशाही कागदावर छापून न्यावा.

जपानी वाचता न येणाऱ्याने कोणती पुस्तके निवडावीत, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. चित्रसंग्रह हे पहिले उत्तर आहेच. पण ‘ह्योरोन-जोहो’, म्हणजे समीक्षा आणि माहिती, या विभागाकडे परदेशी पाहुणे फारसे फिरकत नाहीत, याची मला हळहळ वाटते. एखाद्या बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची छायाचित्रे, पाणीपुरवठ्याच्या बुरुजांची नोंद, जुन्या गणकयंत्रांची मोडतोड, एका शहरातील नूडलच्या दुकानांची यादी अशा विषयांना वर्षानुवर्षे वाहून घेतलेली माणसे तिथे बसलेली असतात. छायाचित्रे आणि आकृत्या भरपूर असल्याने भाषेची अडचण कमी जाणवते, आणि रांग नसल्याने बोलायला वेळही मिळतो.

पैसे, पिशवी, पाणी

टेबलावर रोख पैसेच चालतील असे धरून चालावे. पुस्तकांची किंमत बहुधा 500 किंवा 1,000 येन अशी सुटसुटीत ठेवलेली असते; 500 येन म्हणजे साधारण पावणेतीनशे ते तीनशे रुपये. 10,000 येनची नोट पुढे करणे हा मोठा असभ्यपणा मानला जातो, कारण टेबलामागे बसलेल्या व्यक्तीजवळ घरून आणलेल्या छोट्या डब्यात मोजकेच सुटे असतात. मला हे पहिल्या खेपेला ठाऊक नव्हते. मी मोठी नोट दिली, तेव्हा त्या चित्रकर्तीने शेजारच्या सर्कलकडून सुटे मागून घेतले आणि तेवढ्या वेळात माझ्या मागे सहा-सात माणसे खोळंबली. कोणी काही बोलले नाही, पण ती दोन मिनिटे मला अजून आठवतात. टोकियोत उतरल्या दिवसापासून 1,000च्या नोटा आणि 500 व 100 येनची नाणी बाजूला ठेवत जावे. स्थानकावरील यंत्रात सुइका किंवा पास्मो या प्रवासाच्या कार्डमध्ये पैसे भरताना मोठी नोट घातली की उरलेली रक्कम लहान नोटांत परत मिळते, हा सर्वांत सोपा उपाय. त्याच वेळी कार्डमध्ये परतीच्या प्रवासाचेही पैसे भरून ठेवावेत, म्हणजे संध्याकाळी तिकीटयंत्रासमोर थांबावे लागत नाही.

चाकांची बॅग आणू नये. गर्दीत मागच्या माणसाला ती दिसत नाही आणि पाय अडकून अपघात होतात. खांद्याला लावायची जाड कापडी पिशवी, आत पुस्तके दुमडू नयेत म्हणून प्लास्टिकचे एक कडक फोल्डर, आणि नाण्यांसाठी गळ्यात किंवा कमरेला बांधता येणारे लहान पाकीट एवढे पुरते. पारपत्र जवळ असावे. परदेशी पाहुण्याने ते सतत बाळगणे जपानमध्ये बंधनकारक आहेच, शिवाय प्रौढांसाठीच्या पुस्तकांच्या टेबलावर वय तपासले जाते.

ऑगस्टमधली हवा मुंबईच्या मे महिन्यासारखी दमट असते, आणि रांग उघड्यावर असते. आपल्याला उकाड्याची सवय आहे असे समजून निष्काळजी राहू नये. सावली नसलेल्या काँक्रीटवर दोन-तीन तास उभे राहण्याची सवय आपल्यातल्या थोड्याच जणांना असते. आदल्या रात्री पुरेशी झोप, सकाळी पोटभर न्याहारी, दोन बाटल्या पाणी, मिठाच्या गोळ्या, टोपी आणि ओला करून मानेवर ठेवायचा पंचा असावा. रांगेत छत्री उघडू नये, शेजाऱ्याच्या डोळ्याला लागते. दालनांच्या आतही इतकी वाफ साचते, की छताजवळ धूसर थर दिसल्याचे तिथले लोक सांगतात, आणि त्याला ‘कॉमिकेटचा ढग’ असे नावही पडले आहे. डिसेंबरमध्ये याच्या उलट समुद्रावरून बोचरा वारा येतो. रांगेसाठी जाड कपडे आणि ‘काइरो’ नावाच्या गरम होणाऱ्या पुड्या लागतात, आणि आत गेल्यावर कोट काढून पिशवीत ठेवता यावा म्हणून थरांचे कपडे बरे. कचऱ्याचे डबे शोधत बसू नये, आपला कचरा आपल्याबरोबर परत न्यावा.

रांग

रात्रभर बाहेर थांबण्यास संयोजकांची सक्त मनाई आहे. तरीही काही जण ती मोडतात, आणि त्यामुळे परिसरातील रहिवाशांना होणारा त्रास शेवटी मेळ्याच्या अस्तित्वावर येतो, कारण जागा नाकारली जाण्याचा अनुभव कॉमिकेटने पूर्वी घेतला आहे. तिकिटावर जमण्याची जी वेळ दिली असेल, तीच पाळावी.

स्थानकातून बाहेर पडल्यावर वर उलटे पिरॅमिड असलेली इमारत दिसते. 1996च्या उन्हाळ्यापासून तीच कॉमिकेटची ओळख झाली आहे. जमिनीत रुतलेल्या प्रचंड लाल दांड्याच्या करवतीचे शिल्पही जवळच आहे, आणि बरोबरच्या माणसाची चुकामूक झाल्यास भेटण्यासाठी ते ठिकाण आधी ठरवून ठेवावे. स्वयंसेवक तिकिटाच्या प्रकारानुसार मोकळ्या जागेत माणसांचे आयताकृती गट करून बसवतात आणि संपूर्ण गट एकदम पुढे नेतात. स्वच्छतागृहाला जाताना आपल्या गटाचा क्रमांक लक्षात ठेवावा आणि शेजाऱ्याला सांगून जावे. मेळा सुरू झाल्याची घोषणा होते तेव्हा आतले आणि बाहेरचे सगळे टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांत आपणही सामील व्हावे. त्यानंतर मात्र कितीही अधीरता वाटली तरी धावू नये. “हाशिरानाइदे कुदासाई”, म्हणजे “कृपया धावू नका”, हे वाक्य त्या दिवशी सर्वांत जास्त वेळा कानावर पडते.

आतल्या रांगांची एक खास पद्धत आहे. लोकप्रिय सर्कलच्या रांगेतील शेवटचा माणूस ‘साइकोबी’, म्हणजे ‘शेवटचे टोक’, असे लिहिलेली पाटी हातात धरून उभा असतो. आपण त्याच्यामागे उभे राहून ती पाटी स्वतःकडे घ्यायची आणि आपल्या मागे कोणी आला की त्याच्या हाती सोपवायची. येण्याजाण्याची वाट मोकळी राहावी म्हणून लांब रांग मध्येच तोडून दुसरीकडे वळवलेली असते, आणि अशा तुटलेल्या ठिकाणी “हे शेवटचे टोक नाही” अशी पाटी असते. ती न वाचता तिथे उभे राहिल्यास आपण नकळत शेकडो लोकांच्या पुढे घुसतो. शंका असेल तर “कोको गा साइकोबी देस का?”, म्हणजे “रांग इथे संपते का?”, असे विचारावे. पुस्तक संपले की ‘कानबाई’ असे जाहीर होते, आणि संपूर्ण रांग टाळ्या वाजवून विखुरते. हात रिकामे राहिलेले लोकही त्या टाळ्यांत असतात.

टेबलासमोर

बेटांवरच्या बहुतेक टेबलांसमोर रांग नसते, आणि मेळ्याचा खरा जीव तिथे आहे. टेबलावर ‘मिहोन’ असे लिहिलेली नमुना प्रत ठेवलेली असते. “मिते मो इइ देस का?”, म्हणजे “पाहिले तर चालेल का?”, असे विचारून ती दोन्ही हातांनी उचलावी. घाम पुसलेला असावा, पाठीवरची पिशवी पुढे घेतलेली असावी, आणि शेजारच्या सर्कलचे टेबल आपल्या अंगाने झाकले जाणार नाही अशा बेताने उभे राहावे. दोन-तीन मिनिटे शांतपणे चाळावी. नको असेल तर आभार मानून, सरळ करून परत ठेवावी. तसे करण्यात काहीही गैर नाही आणि कोणी वाईट वाटून घेत नाही. घासाघीस मात्र कधीही करू नये.

घ्यायचे असेल तर “शिनकान इस्सात्सु कुदासाई”, म्हणजे “नव्या पुस्तकाची एक प्रत द्या”, एवढे वाक्य पुरते. सगळ्या पुस्तकांची एकेक प्रत हवी असल्यास “झेन्बु इस्सात्सु झुत्सु” म्हणावे. पैसे आधीच मोजून हातात ठेवावेत. एका माणसाला एकच प्रत अशी मर्यादा असेल तर मित्रांसाठी जास्त मागू नये. चित्रकार रिकामा असेल तर आपण कुठून आलो हे सांगायला हरकत नाही. भारतातून कोणी आपले पुस्तक घ्यायला आले हे ऐकून टेबलामागचा चेहरा कसा उजळतो, ते मी अनेकदा पाहिले आहे. पण मागे कोणी उभे राहिले की बोलणे आवरते घ्यावे. आवडत्या चित्रकाराला ‘साशिइरे’, म्हणजे लहानशी भेट, देण्याची पद्धत आहे. ती कारखान्यात बंद केलेली, उन्हात न वितळणारी आणि टेबलाखाली मावणारी असावी. घरी केलेले लाडू कितीही प्रेमाने नेले तरी अनोळखी माणसाला ते खाणे अवघड जाते. त्याऐवजी आसाम चहाची छोटी पाकिटबंद पुडी उत्तम.

प्रौढांसाठीची पुस्तके मोठ्या संख्येने असतात आणि अनेकदा इतर पुस्तकांच्या जवळच मांडलेली असतात, हे किशोरवयीन मुलांना बरोबर नेणाऱ्या पालकांनी आधी जाणून घ्यावे. भारतात अश्लील मुद्रित साहित्य आणण्यास सीमाशुल्काच्या नियमांनुसार बंदी आहे, आणि अल्पवयीन दिसणाऱ्या पात्रांच्या बाबतीत आपले कायदे विशेष कठोर आहेत. जपानमध्ये कायदेशीर विकले जाते म्हणून मुंबईच्या विमानतळावर ते चालेल असा समज करून घेऊ नये.

कॉस्प्ले आणि छायाचित्रे

कॉस्प्ले, म्हणजे आवडत्या पात्राची वेशभूषा, करायची असेल तर नोंदणी करून संकुलातील कपडे बदलण्याच्या खोलीतच करावी. वेश घालून घरून येणे किंवा तसेच परत जाणे निषिद्ध आहे. लांब किंवा टोकदार वस्तूंवरही बंधने असतात. इतरांचे छायाचित्र ठरवून दिलेल्या जागीच आणि “शाशिन ओ तोत्ते मो इइ देस का?” असे विचारूनच घ्यावे, चित्र प्रसिद्ध करायचे असल्यास त्याची वेगळी परवानगी घ्यावी. पुस्तकांच्या दालनात मात्र कॅमेरा बंद ठेवलेला बरा. टेबलामागे बसलेल्या अनेकांनी आपल्या कचेरीत किंवा घरी हा छंद सांगितलेला नसतो, आणि गर्दीचे सहज म्हणून घेतलेले एखादे छायाचित्र त्यांना अडचणीत आणू शकते.

परतताना

मेळा दुपारी चारला संपतो, पण तीननंतर बरीच टेबले आवरली जातात. यादीतील काही राहिले असेल तर निराश होऊ नये. अनेक सर्कल उरलेल्या प्रती मेलनबुक्ससारख्या दुकानांकडे किंवा ‘बूथ’ या संकेतस्थळावर विक्रीसाठी देतात, आणि जुन्या दोजिन्शींसाठी नाकानो ब्रॉडवेमधील मांदाराके या दुकानात एक संपूर्ण दुपार घालवता येते. कागद फार जड असतो. पन्नास-साठ पुस्तकांनी विमानाच्या सामानाची मर्यादा गाठायला वेळ लागत नाही. संकुलात यामातो या कंपनीची पार्सल पाठवण्याची सोय असते. तिथून पुस्तके थेट हॉटेलवर पाठवली तर परतीच्या गर्दीत हात मोकळे राहतात.

समाप्तीची घोषणा होईपर्यंत थांबणे जमले तर जरूर थांबावे. पुन्हा एकदा टाळ्या वाजतात, आणि टेबलामागची व टेबलापुढची माणसे एकमेकांना “ओत्सुकारेसामा देशिता” म्हणतात. दिवसभराच्या श्रमांची दखल घेणारा हा शब्द तिथे आपल्यालाही उद्देशून असतो.

घरी आल्यावर प्रत्येक पुस्तकाचे शेवटचे पान उघडावे. तिथे ‘ओकुझुके’ म्हणून एक चौकट असते, आणि तीत प्रकाशनाची तारीख, सर्कलचे नाव, छापखाना आणि संपर्काचा पत्ता दिलेला असतो. त्या पत्त्यावर ‘कान्सो’, म्हणजे वाचून काय वाटले याच्या चार ओळी, पाठवाव्यात. भाषांतर-यंत्राच्या मदतीने लिहिलेले मोडके जपानीही चालते. फक्त “छान होते” असे न लिहिता कोणते पान, कोणत्या चौकटीतील पाऊस किंवा कोणत्या पात्राची नजर मनात राहिली, ते नेमके सांगावे.